नसलेल्या शेताची नाचणी

सकाळी बायकांच्या गटाच्या शेडचं कुलूप काढलं की जयवंती भोये आधी चुलीकडे नाही, पारखीकडे बघायची. पारखी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्याच्या खाचेत चिमूटभर पीठ टाकलं की तो दाणा जव्हारच्या कुठल्या उतारावर, कुठल्या शेतात पिकला, हे ते सांगायचं. प्रत्येक मातीतल्या क्षारांचं प्रमाण वेगळं असतं आणि त्याची खूण दाण्यात उतरते. पारखी ती खूण वाचायची आणि चवीला गुणही द्यायची. मग पाकिटावर त्या शेताच्या मालकिणीचा फोटो छापला जायचा आणि शहरातलं गिऱ्हाईक तो फोटो बघून नाचणीची बिस्किटं मागवायचं.

योजना चांगलीच होती. पारखी देणारी कंपनी दलालांना मधून काढायला आली होती आणि तिने ते केलंही. वाकडीपाड्याच्या अकरा घरांतल्या बायकांना पहिल्यांदाच आपल्या मालाचा भाव आपल्या तोंडाने सांगता आला. भानगड झाली ती पुढे. गिऱ्हाइकांना माळावरच्या तीन शेतांची चव आवडली आणि बाकीच्यांची नाचणी कणगीत पडून राहू लागली. लाडकीआत्याचं शेत खाली ओहोळाकाठी. तिच्या पाकिटाला तर कुणी हातच लावेना. "माझं तोंडच वाईट आलंय गं फोटोत," ती म्हणाली. बायका हसल्या. जयवंतीला हसू आलं नाही, कारण त्या तीन शेतांत एक तिचं होतं.

पाड्यावर लग्न निघालं की घरटी धान्य येतं आणि एकाच ढिगात पडतं. कुणाचं भरदार, कुणाचं किडकं, हे बघायची पद्धत नाही. उलट बघणाऱ्याचीच चेष्टा होते. दिवाळीची मोठी मागणी आली तेव्हा बायकांनी तेच केलं. सगळ्यांची नाचणी एका हौदात भिजवली, मोड आणले, वाळवून दळली. यात काही चुकतंय असं एकीच्याही मनात आलं नाही. पारखीने पीठ चाखलं, जरा घुटमळली आणि नकाशावर हिरवा ठिपका दाखवून मोकळी झाली. चवीला आजवरचे सर्वांत जास्त गुण.

ठिपका पडला होता वाघदेवाच्या राईवर, माळ आणि ओहोळ यांच्या मधल्या उतारावर. त्या जागेत आजवर कुणी साधी काडीही मोडलेली नव्हती.

माल गेला, पाकिटावर फोटोची जागा कोरीच होती, तरी मागणी दुपटीने वाढली. सगळे 'त्याच शेताची' नाचणी मागत होते. बायका खूश होत्या. जयवंतीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. शेडबाहेर गाडी वाजली की ती दचकायची. शेवटी गाडी आलीच. कंपनीची केतकी मॅडम नकाशा उघडूनच आत शिरली.

"जयवंतीताई, हे शेत कुणाचं? आम्हाला तर वरून घेतलेल्या फोटोत नुसती झाडीच दिसते."

"तिथं कुणी नांगर नाय घातला मॅडम. देवाची जागा हाय."

"मग पिकलं कुठून?" केतकी उत्साहात पुढे बोलतच राहिली. "ही जागा आपण तुमच्या गटासाठीच भाडेपट्ट्याने मागू. थोडी झाडं काढायची, पुढच्या पावसात पेरणी. सगळ्या घरांना काम मिळेल. तुम्ही फक्त हो म्हणा."

जयवंतीने नकाशावरचा ठिपका पाहिला. गप्प बसलं तर राईवर कोयता चालणार. आणि खरं बोललं तर? कंपनीचा नियम एकच, एक पाकीट, एक शेत.

"शेत नाय तिथं," ती बोलून गेली. "आम्ही सगळ्यांची नाचणी एकत्र केली. थोडी माळाची, थोडी ओहोळाची. तुमच्या यंत्रानं मधली जागा काढली."

केतकीने नकाशावरून मान वर केली. "म्हणजे भेसळ?"

"भेसळ कसली?" लाडकीआत्या उसळली. "खडे घातले काय आम्ही? दाण्यात दाणा घातला. लग्नाला घालतो तसा."

केतकीने पारखीचा स्क्रीन पुढे वळवला. त्यावर दोनच पर्याय होते, 'नवे शेत' आणि 'भेसळ'. "तिसरं काही यात नाहीच हो," ती म्हणाली, आणि तिला खरोखर वाईट वाटत होतं. या बायकांसाठी ती वर कितीदा भांडली होती. "पारखीला आम्ही फक्त शेतं शिकवली. पाडा शिकवायचा तर सगळं पहिल्यापासून, आणि तेवढं थांबायला वरचे तयार नाहीत."

"पण चव तर सगळ्यांची मिळूनच आवडली ना त्यांना?" जयवंतीने विचारलं.

केतकीने होकारार्थी मान हलवली. मग आवाज खाली आणला. "भेसळ दाबलं की गट बंद. पण माळावरच्या तिघींना मी लगेच परत घेऊ शकते. तुमचं घर यातून वाचेल, जयवंतीताई."

ते सगळ्यांना ऐकू गेलंच. बायकांच्या नजरा जयवंतीवर होत्या, आणि लाडकीआत्याने तेवढ्यात, तिला हो म्हणताना अवघडू नये म्हणून, मुद्दाम तोंड फिरवलं. तिचा तो समजूतदारपणा जयवंतीला सोसेना. घरात दोन पोरी शाळेच्या होत्या आणि हातात आलेलं सोडणं किती कठीण, हे तिला गेल्या वर्षात नीट कळलं होतं.

"भेसळच दाबा, राई तरी वाचेल," ती म्हणाली. "आणि उद्या मला एकटीला बोलवा. मी नाय म्हणेन, असं वाटतं तुम्हाला? इथं सगळ्यांसमोर हो म्हणवत नाय, एवढंच."