चौथा खटका

रविवारी सकाळी शेजारीपाजारी लोळत पडलेले असायचे, तेव्हा या घरात मोज्यांच्या जोड्या जुळवण्यावरून रणकंदन चाललेलं असे. बाबा शाळेत भूगोल शिकवायचा आणि नकाशा दिसला की त्याचा पाय घरात ठरायचा नाही. जिओकॅशिंगचं खूळ त्यानेच घरात आणलं. कुणीतरी अनोळखी माणूस कुठेतरी एक डबा लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो, आणि दुसरे अनोळखी लोक फोन हातात धरून तो शोधत हिंडतात. डब्यात काय, तर गोट्या, खोडरबर, चाक तुटलेली मोटार.

"म्हणजे कचरा शोधायला पेट्रोल जाळायचं," आई म्हणाली होती. ती वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात होती. दुकानोदुकानी जाऊन तराजू खरा की खोटा ते बघायचं, हे तिचं काम. पण हौसेला मोल नसतं. महिन्याभरात तीच सगळ्यांच्या आधी बाकड्यांखाली वाकून बघायला लागली.

थोरला दहा वर्षांचा. फोन त्याच्या हातात, म्हणून तो कप्तान. डावखुरा, चष्मा कायम नाकावर घसरलेला, गळ्यात दोरीला बांधलेली निळी शिट्टी. धाकटी पाच वर्षांची. रांगत असताना तिने बाबाच्या शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिला सगळे बटणच म्हणायचे. तिला अजून र म्हणता येत नव्हता. "दादा, थांब ले," करत ती त्याच्यामागून धावायची, काखेत कापडी हत्ती. येणाऱ्याजाणाऱ्यांना डब्याचा सुगावा लागू द्यायचा नसतो, म्हणून बाबा उगाच झाडांवरचे पक्षी बघत उभा राहायचा. त्याला कावळ्याखेरीज एकही पक्षी ओळखता येत नव्हता.

खेळाचा एक नियम कप्तान प्राणापलीकडे जपायचा. डब्यातली एखादी वस्तू आवडली तर खुशाल घ्यायची, पण तिच्या तोडीचं काहीतरी आत ठेवायचं. बटणने एकदा गोटी उचलून वाळकं पान ठेवलं, तर त्याने सगळ्यांना अर्ध्या वाटेवरून मागे फिरवलं होतं.

मग त्यांनी स्वतःचाही एक डबा लपवला. कालव्याकाठी बंद पडलेलं पंपघर होतं. त्याच्या मागच्या भिंतीतली एक वीट सैल होती, तिच्या आड डबा बरोबर बसायचा. जेवणाचा साधा प्लास्टिकचा डबा, झाकणाला चार बाजूंनी चार खटके. चौथा फार घट्ट होता. तो कप्तानच लावायचा, डाव्या अंगठ्याने, टक् आवाज येईपर्यंत.

"एक जरी राहिला ना, तर आत-बाहेर सुरू होतं," तो हेडमास्तरांच्या थाटात सांगायचा. त्याला ओल म्हणायची असायची.

त्या हिवाळ्यात कप्तान तापाने गेला. आठवडाही लागला नाही. त्याच्या अंगात त्याचा आवडता शर्ट घातला, डोळ्यांवर चष्मा ठेवला, आणि आईने स्वतःच्या हाताने ती निळी शिट्टी त्याच्या खिशात घातली. त्या वस्तू त्याच्याबरोबर गेल्या.

दवाखान्याच्या जिन्यात बटणने विचारलं होतं, दादा कुठाय. बाबाला दुसरं काही सुचलं नाही. तो म्हणाला, "दादा लपलाय, बाळा. फार अवघड जागी लपलाय."

दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य चाललं असतं. बटणने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग त्याच्या बदल्यात काय ठेवायचं?"

थंडी सरल्यावर आईने इंटरनेटवर डबा बंद केल्याचं कळवलं आणि तो घरी आणायला म्हणून बटणला घेऊन पंपघराकडे गेली. बाबा आला नाही. कालव्यात हातभर पाणी होतं, भिंत उन्हाने कोमट झाली होती. वीट काढली, डबा काढला, चारही खटके लागलेले होते. आतल्या जुन्या गोट्या आणि मोटारी गेल्या होत्या. आत फक्त निळी शिट्टी होती.

आईने ती उलटसुलट करून पाहिली. तोंडाशी दातांचे वळ होते. दोरीला नवी गाठ होती, तीही तिनेच मारलेली.

"शिट्ट्या काय, हजारो असतात," ती मोठ्याने म्हणाली. बटणने शिट्टी घेतली, गळ्यात घातली, आणि काखेतला हत्ती डब्यात नीट झोपवला. त्याच्याशिवाय तिला एक रात्र झोप यायची नाही. आईला डबा घरी न्यायचा होता. तिने तो पुन्हा भिंतीत ठेवला. त्या रात्री बटणने हत्तीचं नावही काढलं नाही.

बाबाने शिट्टी पाहिली आणि दातांच्या वळांवरून बोट फिरवलं. नंतर तोही म्हणाला, "शिट्ट्या हजारो असतात," पण शिट्टी त्याने आपल्या उशीखाली ठेवली.

पुढच्या रविवारी आईनेच बूट चढवले. कशासाठी, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. डब्यात हत्ती होता आणि त्याच्या शेजारी चष्मा होता. डावी काडी चिकटपट्टीने जोडलेली. ती चिकटपट्टी आईनेच लावली होती.

बटणने चष्मा डोळ्यांना लावला. मग ती डब्यावर ओणवी झाली, तोंड अगदी आत घालून, आणि बराच वेळ तशीच राहिली.

"काय करतेस?"

"बदल्यात ठेवलं."

"काय ठेवलंस? मला तर काही दिसत नाही."

"दिसणार नाही," बटण म्हणाली.

घराच्या फाटकापाशी येईपर्यंत आईच्या लक्षात आलं नाही. मग आलं. तिने बटणला तिथेच थांबवलं आणि म्हणायला लावलं, घर, दार, गाजर. बटणने तिन्ही शब्द म्हटले, स्वच्छ, कप्तान म्हणायचा तसे.

मुलं बोलायला शिकतात, यात आश्चर्य ते काय. बटण डाव्या हाताने चित्रं काढायला लागली, तेही आईने मनावर घेतलं नाही. हाक मारली की तिला वळून बघायला वेळ लागायचा, जणू दुसऱ्याच कुणाला बोलावलंय. चष्मा काढला की तिला समोरचं घड्याळ दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लागतो काही मुलांना चष्मा. आईने नंबर लिहिलेला कागद वाचला आणि घडी घालून ठेवून दिला. तो नंबर तिला पाठ होता.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. पण हे तिने मनातही आणलं नव्हतं.

"आता बस झालं," ती त्या संध्याकाळी भांडी पुसताना म्हणाली. "मी तो डबा मोडून टाकते."

बाबा ओट्याला टेकून उभा होता. आतल्या खोलीत बटण एकटीच कशाला तरी हसली. ते हसू दोघांच्याही ओळखीचं होतं, आधी घशात अडकणारं आणि मग एकदम सुटणारं.

"एकदाच जाऊ," बाबा म्हणाला. "आणखी फक्त एकदा. अगं, तो येतोय."

"आणि ती?"

"ती कुठे गेलीय? ती आहे की."

"ती कमी होतेय."

"मुलं मोठी होतात, बदलतात."

"मोठं होणं आणि कमी होणं यातला फरक मला कळतो," आई म्हणाली. "माझं कामच ते आहे. एक पारडं वर आलं की दुसरं खाली जातं. फुकट काही येत नाही रे."

बाबा रडायला लागला. तिने त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला. तिलाही तो हवाच होता. बाबाहून कणभर जास्तच हवा होता, आणि म्हणूनच तिला भीती वाटत होती.

सकाळी तिने बाबाच्या उशीखालून शिट्टी काढली. चष्मा दुरुस्तीला टाकते म्हणून बटणच्या डोळ्यांवरून काढून घेतला. दुपारी कामावरून ती परस्पर पंपघराशी गेली.

ऊन होतं. कालव्यापलीकडे कुणीतरी सायकल धूत होतं. तिने वीट काढली आणि डबा ओढला, तो तिला दोन्ही हातांनी धरावा लागला. आयुष्यभर वजनं हाताळलेली बाई. एका कापडी हत्तीचा डबा एवढा जड नसतो, हे तिला काट्याशिवाय कळलं.

तिने झाकण उघडलं. आत हत्तीच होता.

तिने हत्ती बाहेर काढला. पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, डावी, मग उजवी. शिट्टी ओठांना लावली, पण वाजवली नाही. दोन्ही वस्तू आत ठेवल्या.

"जा बाळा," ती म्हणाली. हे तिने दवाखान्यात म्हटलं नव्हतं. तिथे ती थांब म्हणाली होती.

झाकण लावून तिने डबा उचलला. आता तो रिकाम्यासारखा हलका होता.

एक खटका लावला. दुसरा. तिसरा.

चौथ्यावर अंगठा ठेवला. फार घट्ट आहे, तिने स्वतःला सांगितलं. आपल्याच्याने नाही लागायचा.

तिने वीट बसवली आणि मागे न बघता निघाली.

दार बटणनेच उघडलं. हत्ती दिसताच तिने झडप घातली. "कुठे होतास ले तू," ती त्याला म्हणाली, "घली यायचं नाही का?" आई उंबऱ्यातच खाली बसली. तिने मुलीला पोटाशी धरलं आणि पोटभर रडून घेतलं. बटण उजव्या हाताने तिचे डोळे पुसत होती. आईने समोरचं घड्याळ दाखवून विचारलं, काटे दिसतात का. दिसत होते.

झोपायच्या वेळी पलीकडच्या खोलीतून बाबाच्या उशा उचलण्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. आई बटणच्या अंगावर पांघरूण घालत होती.

"आई, दादा विचालत होता."

आईचा हात थांबला. "काय?"

"तू त्याला पलत का ठेवलंस."

आईने पांघरुणाची कड सारखी केली. बटणने हत्ती कुशीत ओढला आणि डोळे मिटले.

"पण तो लागावला नाहीये," ती झोपेत जाता जाता म्हणाली. "तू एक खटका उघडा ठेवलास ना. तो म्हणाला, बलं झालं."

जाऊन चौथा खटका लावून यायला पंपघर लांब नव्हतं. बूट दाराशीच होते. आई पलंगाच्या कडेला बसून राहिली, अंगठा मुठीत घट्ट धरून, आणि उठली नाही.