कचरूची आई

पहिल्या मतदानाचं ते वर्ष. अर्जुनीच्या बाजूच्या एका गावात, धानाची मळणी चालू असताना, रुख्माला मुलगा झाला. याच्या आधीचे दोघे पाळण्यातच गेले होते. म्हणून या वेळी रुख्मानं मनाशी पक्कं केलं, की याच्याकडे बघायचंच नाही. बाळ रडलं की ती त्याला पदराखाली घ्यायची, मान मात्र भिंतीकडे. दूध पाजायची, जीव लावायची नाही. दोनदा पोळलेल्या बाईनं आणखी काय करावं? बाया म्हणायच्या, आईला माया आपोआप येते. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

सासू सायत्रा मोठी जहांबाज. मूल जगत नसेल तर ते सुपात घालून उकिरड्यावर टाकायचं, सुईणीनं ते उचलायचं, आणि आईनं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं, अशी तिकडची रीत. टाकलेल्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही म्हणतात. नावही मग कचरू ठेवायचं.

"पाठ करून उभी राय," मळणीला निघताना सासूनं बजावलं. "भिवरा सुईन येईल. कोनाचा पोरगा, म्हनून इचारल. माहा नाही, म्हनजो. अन् मांगं पाहू नोको."

"मी तं तसाही पायतच नाही त्याले, आत्याबाई."

"म्हनूनच मरतेत तुहे पोरं," सायत्रा म्हणाली आणि निघून गेली.

भर दुपार होती. रुख्मानं घरामागच्या उकिरड्यावर सूप ठेवलं आणि पाठ केली. शेणाचा उबट वास येत होता. खळ्यावरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज मघापासून चालू होता, तो एकाएकी थांबला. मग दुसराच एक वास आला, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा, कच्च्या दुधाचा. राखेवरून अनवाणी पावलं आली आणि तिच्या मागे थांबली.

"कोनाचा पोरगा आय हा...?"

"माहा नाही."

"खरंच...?"

हा दुसरा प्रश्न काही रीतीत नव्हता. पण म्हाताऱ्या सुईणीला कोण टोकणार? आणि खरं सांगायचं तर रुख्माच्या आत इतके दिवस जे कोंडलं होतं, त्याला वाटच मिळाली.

"नाही माहा. मले नाही पायजे. तू ने त्याले."

सूप करकरलं. कोणीतरी सुखाचा लांब श्वास सोडला... मग बराच वेळ काहीच नाही. आणि पार पलीकडून, गल्लीतून, भिवरा सुईण धापा टाकत आली.

"उशीर झाला वो बाई! घरी गाय याली. टाकलं का पोराले?"

रुख्मा गर्रकन वळली. बाळ सुपातच होतं. गाढ झोपलेलं. त्याच्या ओठांवर दूध होतं, आणि सकाळपासून तिनं त्याला पाजलंच नव्हतं.

भिवरानं घाईघाईनं सगळी रीत पुन्हा केली, कोंडा घेतला, बाळ दिलं. रुख्मा कोणाला काही बोलली नाही. सांगितलं असतं तर सासूनं उभी चिरली असती. पण घाबरून का होईना, त्या दुपारी तिनं लेकाला पहिल्यांदा नीट पाहिलं. कानामागची लव पाहिली, नवऱ्यासारखी पुढे आलेली हनुवटी पाहिली. आणि अडवून धरलेली माया अशी फुटली की तिला हुंदका आवरेना. तिनं त्याला छातीशी धरलं.

बाळानं तोंड फिरवलं.

त्यानंतर तो तिच्या अंगावर कधी प्यालाच नाही. चोळी भिजायची, छाती दुखून गाठी यायच्या, शेवटी ती भिंतीवर दूध पिळून टाकायची. कचरू मात्र गुटगुटीत होत चालला. त्याच्या तोंडाला सदा ताज्या दुधाचा वास.

"काऊन रडून राहिली वो?" तिचा नवरा शालीकराम विचारायचा. "पोरगा तं चांगला बाळसं धरून राहिला."

शेवटी एका दुपारी, घरात कोणी नसताना, ती सूपभर कोंडा घेऊन उकिरड्यावर गेली. "घे... माहा पोरगा मले दे. त्या दिवशी मी खोटं बोलली..." तिनं सूप तिथंच ठेवलं आणि मागे न बघता परतली. घराशी पोचली तर सूप तिच्या उंबरठ्यावर होतं. कोंड्याचा एक कणही हलला नव्हता. तिची किंमत कोणाला नको होती.

होळीच्या सुमारास एका सकाळी ती अंगणात उन्हाला बसली होती. मांडीवरचा कचरू खुदकन हसला. पहिलं हसू! पण तो तिच्याकडे पाहत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे पाहत होता. रुख्मानं त्याला घट्ट आवळलं.

"माहा आय तू... माहा आय..."

तो कळवळून रडला. तिनं घाबरून हात सैल केले, त्याला पुन्हा मांडीवर ठेवलं आणि स्वतः ताठ बसून राहिली. तसा तो लगेच शांत झाला. मग तिच्या डोळ्यांदेखत त्याचा उजवा गाल हळूच आत दबला, कोणी मुका घ्यावा तसा. बराच वेळ दबलेला राहिला. मग भरून आला. कचरू सुखानं डोळे मिटून पडला होता, आणि त्याचा गाल ओला होता.