बेडकावर तीन ओंजळी

हेमलता दैठणकरांनी दुसरा चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि पंधरा दिवसांच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच खेळाचा चष्मा डोळ्यांवर चढवला. परभणीतल्या वसमत रोडवरची त्यांची खोली विरून गेली आणि समोर ‘नवखंडा’ची वेस उभी राहिली. तोच उजव्या अंगाने खचलेला बुरूज, तीच एकोणीस वर्षं एकाच फांदीवर बसलेली घार. सगळं जागच्या जागी होतं. फक्त वेशीतल्या दगडावर, म्हणजे त्यांच्या दगडावर, त्या स्वतः आधीच येऊन बसल्या होत्या.

हिरवं लुगडं, कमरेला पिशवी, हातात कंदील. आणि ती बाई चक्क बोलत होती. “ये गं लेकरा, ये. आल्या आल्या तलवारीकडं काय बघायलीस? आधी पिशवी घे. तलवार काय, कुणाची पडलेलीही सापडते. पण पिशवीच नसली तर सापडलेलं ठेवशील कुठं?”

आवाज हेमलताबाईंचा, ‘बघायलीस’ त्यांचं, ‘लेकरा’ म्हणण्याआधी घेतलेला बारीकसा श्वाससुद्धा त्यांचाच. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “अगं बाई!”

आता या बाईंची गोष्ट थोडी सांगायला हवी. एकतीस वर्षं त्या परभणीच्या एसटी स्टँडावर चौकशीच्या खिडकीत बसल्या. जिंतूर कधी, गंगाखेड कुठं लागते, सेलूची गेली का, या प्रश्नांना उत्तरं देण्यात त्यांचा जन्म गेला. ड्युटी सुटली की घरी येऊन त्या नवखंडात शिरत. नवखंड म्हणजे गडकोट, राक्षस, मंतरलेली रानं. हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी खेळतात असा जुना खेळ. आणि जुन्या खेळात नव्या माणसाची गत फार वाईट. सगळे एकमेकांच्या ओळखीचे, तुमच्याशी कुणी बोलत नाही, आणि पहिल्याच वळणावर रानडुक्कर तुम्हाला आडवं करतं. हेमलताबाई पहिल्या दिवशी अकरा वेळा मेल्या होत्या. अकराव्या वेळी त्यांना राग आला. त्या उठल्या आणि वेशीत जाऊन बसल्या. पुढची एकोणीस वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत राहिल्या: बाबा, डुकराला एकट्यानं हात लावू नको. मेलास तरी लाजू नको, भूत होऊन चालत ये, तुझा देह तिथंच पडलेला असतो. फुकट चिलखत देणाऱ्याच्या मागं पुलाखाली जाऊ नको. आणि नकाशावर तर मुळीच विसंबू नको, तो काढणाराच केव्हाचा खेळ सोडून गेला. लोक त्यांना ‘वेशीवरची आत्या’ म्हणू लागले.

या सगळ्या खऱ्या सल्ल्यांत त्या एक खोटा सल्ला मिसळत. गावामागे एक बारव होती, पायऱ्यांची जुनी विहीर. तिच्या तळाशी दगडाचा बेडूक. “बेडकावर तीन ओंजळी पाणी घाल,” आत्या गंभीर चेहऱ्याने सांगत, “म्हणजे खेळ तुला पावतो.” नवा माणूस भाबडेपणाने जाई, पाणी घाली, काही घडत नसे. तो खुळ्यासारखा उभा राहिला, की बेडकामागून आत्या बाहेर येत. “फसलास का नाही?” मग दोघंही पोट धरून हसत. आत्या त्याला कंदील देत, जुन्या चार जणांशी गाठ घालून देत, आणि तो माणूस नवखंडाचा होऊन जाई. कितीतरी लोकांनी पुढे सांगितलं, की आम्ही या खेळात टिकलो ते त्या बेडकामुळे. खेळ समजायला महिना लागतो. आपलं माणूस भेटायला मात्र एकदा फसावं लागतं, असं त्या म्हणत.

आणि आज त्यांच्या दगडावर हा आयत्या बिळावरचा नागोबा!

“ए बाई,” हेमलताबाई तिच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. “कोण गं तू?”

त्या दुसरीने मान वर केली आणि इतकं मायेने हसली, की हेमलताबाईंच्या अंगावर काटा आला. “नवीन आलीस का लेकरा? घाबरू नको. आधी पिशवी घे.”

“मला पिशवी शिकवायलीस? ही अक्कल माझी आहे!”

हे वाक्य पुरतं संपलंही नाही, तोच डोळ्यांपुढे लाल अक्षरं आली: ‘आपण मान्यताप्राप्त पात्राची नक्कल करत आहात. आपला प्रवेश रद्द करण्यात येत आहे.’ वेस गेली, घार गेली. हेमलताबाई आपल्या खुर्चीत, समोर पालथा कप.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टँडवरही हेच झालं होतं. त्या निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात खिडकीला फळी ठोकली आणि बोलता फलक लावला. तो फलक गाड्या अचूक सांगे. पण म्हातारी बाई घाबरीघुबरी झाली, तर तिला बाकावर बसवून पाणी देत नसे. तेव्हा त्या गप्प बसल्या होत्या, कारण खिडकी सरकारची होती. हा आवाज कुणाच्या बापाचा नव्हता.

खेळ चालवणाऱ्या ‘मेघमाळ’ कंपनीत फोन लागायला पाऊण तास गेला. पलीकडे अन्विता सबनीस नावाची मुलगी आली. लोणी लावलेला आवाज.

“दैठणकर मॅडम! तुम्ही तर आमच्यासाठी लेजेंड आहात.”

“लेजेंडला हाकलून देतात का तुमच्यात?”

“ते पहारेकरी प्रणालीने आपोआप केलं, मॅडम. एकाच आवाजाची दोन पात्रं दिसली, की ज्याची नोंदणी नाही ते ती बाहेर काढते.”

“आणि नोंदणी कुणाची?”

“बोलसावलीची,” अन्विता म्हणाली, आणि समजावू लागली. खेळ संगणकावरून चष्म्यावर आल्यापासून नवखंडात रोज हजारोंनी नवे लोक येतात. एक आत्या कुणाकुणाला पुरणार? म्हणून त्यांचं एकोणीस वर्षांचं बोलणं यंत्राला शिकवलं. कोणत्या प्रश्नाला त्या काय म्हणतात, कुठे थांबतात, कुणाला लेकरा म्हणतात आणि कुणाला बाबा. त्यातून त्यांच्या बोलण्याची सावली तयार झाली. ती एकाच वेळी पाच हजार जणांशी बोलू शकते आणि कधी दमत नाही.

“मला विचारलंत?”

“चैत्रात नव्या अटी आल्या तेव्हा तुम्ही ‘मान्य’ म्हणालात ना.”

“मान्य म्हटल्याशिवाय दार उघडत नव्हतं! दार अडवून उभं राहायचं, माणूस वाकून आत गेला की म्हणायचं, बघा, कसा राजीखुशीनं आला. वर मलाच नकली ठरवायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात याला!”

“मी नोंद करून घेते, मॅडम,” अन्विता म्हणाली. मुलगी वाईट नव्हती. तिला फक्त अशा वेळी काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. हेमलताबाईंच्या मनात एकदम एक शंका आली.

“का गं, ती बेडकाचं पण सांगती का?”

“हो तर!” अन्विताला हायसं वाटलं. “तुमची सगळ्यांत लोकप्रिय सूचना आहे ती. शंभरातले चौऱ्याण्णव जण पाळतात. फक्त…”

“फक्त काय?”

“त्यानंतर बरेच लोक खेळच सोडून जातायत. का, ते कळत नाही. बारवेतलं बोलणं आमच्या नोंदीतच येत नाही. सुरुवातीला कुणीतरी ती जागा चुकून खेळाच्या हद्दीबाहेर टाकली होती. तिथे ना नोंद होते, ना पहारेकरी ऐकतो.” तिने आवाज खाली आणला. “पाणी घातल्यावर तिथे काय होतं, मॅडम? तेवढं सांगा ना. आम्ही बोलसावलीत भर घालू. वेशीवर तुमचं नाव कोरू, ‘प्रेरणा’ म्हणून. तुम्हाला आत यायलाही देऊ. तुमचा आवाज तेवढा बदलून घ्यावा लागेल.”

“माझा आवाज मी बदलायचा?”

“गोंधळ नको म्हणून.”

हेमलताबाईंना आता सगळं कळलं. यंत्र अर्धीच गंमत शिकलं होतं. फसवायचं ते शिकलं होतं. फसवल्यावर समोर येऊन हसायचं असतं, हे त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

त्या म्हणाल्या, “पोरी, तुला सांगितलं तर तू तेही यंत्राला शिकवशील. म्हणजे तेही खोटं होईल.” आणि फोन ठेवून दिला.

दुपारी जेवण न करताच त्यांनी नवं खातं उघडलं. पात्राचं नाव ठेवलं ‘चौकशी’. अंगावर नवख्यांचा राखाडी सदरा, हातात काठी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या वेशीत परक्यासारख्या शिरल्या. पहारेकऱ्याच्या भीतीने त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. दगडावरची आत्या त्यांच्याकडे बघून हसली.

“ये गं लेकरा. बोलायला लाजायलीस का? असू दे, मीही लाजत होते.”

खरोखरच लाजत होत्या त्या. हे त्यांनी कुणालातरी कधीतरी सांगितलं असणार. हेमलताबाईंना क्षणभर वाटलं, इथेच बसावं आणि आपलंच बोलणं ऐकत राहावं. इतकं मायेनं आपल्याशी कुणी बोललंच नव्हतं. मग ती म्हणाली, “आता मागच्या बारवेत जा आणि बेडकावर तीन ओंजळी पाणी घाल. मनापासून घाल हं. मनापासून घातलं नाही तर पावत नाही.”

मनापासून! हे हेमलताबाई उभ्या जन्मात म्हणाल्या नव्हत्या. लोक परत येऊन ‘काही झालं नाही’ म्हणाले असतील, आणि खोटं आहे हे ठाऊक नसलेल्या त्या यंत्राने आपल्या मनाने कारण शोधलं असेल. त्या तरातरा बारवेकडे निघाल्या.

पायऱ्यांवर रांग लागली होती. साठ-सत्तर राखाडी सदरे एकामागे एक उभे. बेडकाला फुलं वाहिलेली, कपाळाला कुणीतरी गुलाल फासलेला. खाली एक जण दटावत होता, “ओंजळीत डावा हात वर नको! उजवा! काल एकानं डावा वर धरून घातलं, त्याला डुकरानं फाडलं.” दुसरा म्हणत होता, तिसरी ओंजळ सांडली तर पुन्हा पहिल्यापासून. कुणी हसत नव्हतं.

हेमलताबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते रागाचं होतं. माझ्या गमतीचा देव केला मेल्यांनी!

रांगेच्या टोकाला पायरीवर एक जण बसून होता. ‘फिरोज तांबोळी, बार्शी’ असं डोक्यावर नाव तरंगत होतं. बारवेत पहारेकरी ऐकत नाही, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

“तुम्ही नाही का घालत?”

“घातलं की ओ. चार दिस घालतोय,” फिरोज म्हणाला. “मी ट्रक चालवतो. पाय मोडलाय, दीड महिना प्लास्टर. घरात पडून जीव खायला उठला म्हणून हे लावलं. आत्यानं डुकराचं सांगितलं, खरं निघालं. पुलाचं सांगितलं, खरं निघालं. मग हे खोटं कसं असंल? माझंच मन साफ नसंल.” त्याने मान वर केली. “तुमचा आवाज तिच्यासारखाच हाय की.”

‘माझंच मन साफ नसंल.’ त्या एका वाक्यावर हेमलताबाई उठल्या. रांग ओलांडून बेडकामागे गेल्या. काठीने त्याच्या डोक्यावरची फुलं उडवून दिली आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने ओरडल्या, “फसलात का नाही?”

सगळ्यांच्या माना वळल्या. एक जण किंचाळला, “ए, आत्याची नक्कल करतेस? थांब, वर जाऊन तक्रारच करतो!”

“कर जा! पण आधी ऐकून घे. बेडूक पावत नाही. कधी पावलाच नव्हता. तो दगड आहे. ही गंमत होती, आणि ती करणारी मी; वर बसलंय ते माझं बोलणं शिकवलेलं यंत्र. माणूस पाणी घालायचा, मी इथून बाहेर यायचे, आम्ही हसायचो आणि ओळख व्हायची. तेवढंच होतं ते. मी इथं नव्हते म्हणून तुम्ही चार-चार दिवस ताटकळलात. चूक झाली माझ्याकडून. माफ करा, लेकरांनो.”

काही जण पाय आपटत निघून गेले. उजव्या हाताचा आग्रह धरणारा तर वाद घालत बसला, की आपल्याला परवा गुण आला होता. फिरोजने मात्र एकदा बेडकाकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलू लागले.

“आयला, चार दिस!” तो हसत सुटला. “दगडाला सॉरी म्हटलो मी काल!”

त्याचं बघून आणखी दहा-बारा जण हसले. हेमलताबाईही हसल्या, पण गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांच्याजवळ द्यायला कंदील नव्हता, नवख्याकडे कुठून असणार? म्हणून फिरोजनेच आपला पलिता त्यांच्या हातात दिला.

“रोज या इथं,” तो म्हणाला. “मीबी बसतो. पाय काय अजून महिनाभर जाग्यावरच हाय.”

वरून पावलं वाजली. एक नवी बाई ओंजळीत पाणी सांभाळत, ओठ मिटून, पायऱ्या उतरत होती. तिच्यामागे वेशीकडून तो ओळखीचा आवाज आला, “मनापासून घाल हं, लेकरा.”

हेमलताबाई बेडकामागे लपायला वाकल्या. फिरोजने हळूच विचारलं, “आत्या, वरच्या तिला ठावं हाय का, की ती सांगती ते खोटं हाय?”

“नाही.”

“मग तिच्यावर रागवायचं तरी कसं?” तो म्हणाला. “आणि तिच्यावर नाही, तर मग कुणावर?”