पट्टीच्या टोकावरचा माणूस

तो ड्रोन आधी पेटीत ठेवा. उद्या उजेडात उडवून दाखवा, आत्ता नको. आणि एवढी तोंडं पाडू नका. बसा, सांगतो का ते.

आमच्या स्टुडिओत एक हरहुन्नरी मुलगा होता. कॅमेरा माझ्याच हाताखाली शिकला. पुढे ड्रोन उडवायला लागला म्हणून आम्ही त्याला पायलट म्हणायचो. तसा स्कूटर चालवायलाही घाबरायचा, ते सोडा.

गेल्या वर्षीचा मार्च. गुरुवार होता, अमावास्या. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलला जाहिरातीसाठी चित्रण हवं होतं, दहा सेकंदांचं फक्त. मावळतीचा उजेड, खडक, आणि ओहोटीला समुद्रात उघडी पडते ती वाळूची पट्टी. चारशे मीटर सरळ आत जाते, जेमतेम एका मोटारीएवढी रुंद. भरतीला सगळी पाण्याखाली.

आता नुसता समुद्र टिपला तर तो मोठा वाटत नाही. त्यात एक माणूस चालताना दिसला पाहिजे, मुंगीएवढा, मग कुठे समुद्र समुद्र वाटतो. हे त्याला मीच शिकवलं होतं. दुसऱ्या कोणी नाही, मीच.

म्हणून त्यानं मेहुण्याला बरोबर घेतलं. बारक्या म्हणायचे त्याला. सव्वीस वर्षांचा, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पायलटच्या बायकोचा एकुलता एक भाऊ. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलेला. निघताना तिनं त्याच्या अंगात जाकीट चढवलं, लालभडक, नवंकोरं, चेन उघडून बाह्या काढता येतात तसलं. नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला काय उडवायचं ते उडवा, पण ह्याला अंधाराच्या आत घरी आणा."

"तुझा भाऊ आहे तो, कुकुलं बाळ नाही," पायलट म्हणाला. बाई हसली. भाऊ पण हसला.

पोचायला उशीर झाला. सहा पंचवीस. आता हे नीट ऐका, तुम्हीही उडवता म्हणून सांगतो. ड्रोन सोडण्याआधी दोन मिनिटं थांबायचं असतं. त्याला उपग्रह सापडतात आणि त्या क्षणी तो जिथे असतो ती जागा 'घर' म्हणून लक्षात ठेवतो. बॅटरी संपत आली की कोणाला न विचारता त्या घराकडे निघतो. पण पायलट म्हणजे उतावळ्यांचा मेरुमणी. उजेड चालला म्हणून तसाच उडवला. ड्रोन पट्टीच्या टोकावर पोचला तेव्हा पडद्यावर अक्षरं आली, 'घर नोंदवलं'. त्यानं ती बोटानं बाजूला सारली.

चित्रण झकास झालं. बारक्या टोकापर्यंत गेला आणि त्यानं डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. म्हणजे 'झालं, थांबव'. ही आमच्या स्टुडिओतली खूण, पायलटनं त्याला शिकवलेली. मग तो परत आला, बाटलीभर पाणी प्यायला.

"दाजी, हिरो दिसतो ना मी?"

"पाठमोरा दिसतोस, म्हणून बरा दिसतोस."

ड्रोन अजून वरच होता. पायलटनं सहज पडद्याकडे बघितलं. सहा बावन्न झाले होते.

पट्टीच्या टोकावर कोणीतरी उभं होतं. लाल जाकिटातलं.

बारक्या तर त्याच्या शेजारी. हातात रिकामी बाटली.

"दाजी... तिथे कोण आहे?"

डोळ्यांनी बघावं तर धुकं उतरलेलं, काही दिसेना. पडद्यावर मात्र तो माणूस दिसत होता. नखाएवढा. पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलेलं. वर ड्रोनकडे बघून डोक्यावर हात नेत होता... पुन्हा पुन्हा.

"अडकलाय हो तो. मदत मागतोय."

"थांब, मी हॉटेलात फोन करतो."

"ते येईपर्यंत बुडेल, दाजी."

आणि पळालाच. पायलटनं त्याचा डावा दंड धरला. चेन उघडली, बाही हातात आली. पोरगं धुक्यात गेलं.

पायलटनं हॉटेलात फोन केला. ड्रोन पट्टीच्या मध्यावर आणला. पडद्यावर धुक्याशिवाय काही नाही.

सात वाजून तीन मिनिटं. बारक्याचा फोन.

"दाजी, टोकाला कोणीच नाही. परत फिरलोय. पण काही दिसत नाही... दोन्हीकडे पाणी आहे. किनारा कुठल्या बाजूला?"

तेवढ्यात रिमोट वाजला. बॅटरी संपत आलेली, ड्रोन घराकडे निघाला. पायलटला वाटलं, सुटलो.

"बारक्या, वर बघ. दिवा दिसतोय? ड्रोन माझ्याकडे यायला निघालाय. त्याच्या मागोमाग ये."

"दिसला. आलो, दाजी."

पायलट मान वर करून उभा. आवाज जवळ यायला हवा होता.

लांब जात होता.

मग त्याला आठवलं... घर कुठे नोंदवलं होतं ते.

त्यानं रिमोटची सगळी बटणं दाबली. बॅटरी तळाला गेली की ड्रोन कोणाचं ऐकत नाही. फोनवर ओरडला, "दिव्याच्या मागे जाऊ नकोस. उलटा फीर."

"उलटा म्हणजे कुठे?"

पायलट हाका मारत पाण्याकडे पळाला.

"दाजी, पाणी मांड्यांना आलंय... दाजी?"

पुढे नुसतं पाणी ऐकू आलं. मग तेही नाही.

पायलट दोनदा छातीभर पाण्यात गेला. दोन्ही वेळा हॉटेलच्या माणसांनी ओढून काढला. बारक्या तिसऱ्या दिवशी सापडला. ड्रोन सापडलाच नाही.

महिन्याभरानं पायलट माझ्याकडे रिमोट घेऊन आला. ड्रोन गेला तरी पडद्यावर दिसलेलं रिमोटमध्ये साठतं. म्हणाला, "तुम्ही बघा. मला एकट्याला बघवत नाही." स्टुडिओच्या मोठ्या पडद्यावर लावलं. टोकावरचा तो माणूस आला तिथे मी चित्र थांबवलं, मोठं केलं.

हात हलवून मदत मागत नव्हता रे तो. फुली करत होता. झालं... थांबव.

पायलटनं पिशवीतून ती बाही काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

पडद्यावर त्या माणसाचा उजवा हात लाल होता. डावा खांद्यापासून उघडा. आणि खाली कोपऱ्यात वेळ होती, सहा बावन्न. बारक्या तेव्हा किनाऱ्यावर पायलटच्या शेजारी उभा होता, दोन्ही बाह्या अंगात.