आत्या काय म्हणते?

पाऊस तिरपा येत होता. ‘गेझिने’ जहाजाच्या डेकवर चुलीपाशी बायकांची रांग लागली होती, आणि रेगुलाआत्याने एका उंच तरुणावर पळी उगारली होती.

तो बिचारा मागे सरकला. एका हातात चहाची किटली, दुसरा हात वर... आणि चेहऱ्यावर असा गोंधळ, की थेक्लाला हसूच आलं.

“हा मला म्हातारी म्हैस म्हणाला,” आत्या फणकारली.

थेक्लाने त्याला त्याच्या बोलीत विचारलं. तो म्हणाला, नाही हो, मी एवढंच म्हणत होतो की आजींना आधी जाऊ द्या, त्या भिजतायत. थेक्लाने ते आत्याला सांगितलं. आत्याने पळी खाली घेतली, पण माघार घेतली नाही. आजी म्हणायला मी काय त्याची आजी आहे का, असं पुटपुटत ती पुढे गेली.

तो तिथेच उभा राहिला. पापण्यांवरून पाणी निथळत होतं.

“तुम्हाला दोन्ही बोली येतात?”

“भांडण सोडवण्यापुरत्या.”

“मग...” तो किंचित हसला, “रोज भांडावं लागेल.”

त्याचं नाव हार्म.

ब्रेमरहाफेनहून निघालेलं ते जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोरला चाललं होतं. खालच्या मजल्यावर फळ्यांच्या दुमजली बिछान्यांत माणसं दाटीवाटीने भरली होती. अर्धी दक्षिणेकडची, डोंगरउतारावर द्राक्षं लावणारी. अर्धी उत्तरेकडची, समुद्रकाठच्या सपाट प्रदेशातली. म्हणायला सगळे जर्मनच. पण एकमेकांचं बोलणं कळेल तर शपथ. चर्चमधली शुद्ध भाषा दोन्हीकडच्यांना यायची ती प्रार्थनेपुरती, आणि चुलीपाशी प्रार्थना कोण करतो?

थेक्ला श्वाबेनची, म्हणजे दक्षिणेची. पण जहाजाच्या भाड्याचे पैसे जमावेत म्हणून ती ब्रेमेनमध्ये एका घरी कामाला राहिली होती आणि तिथे उत्तरेची बोली तिच्या जिभेवर बसली होती. त्यामुळे जहाजावर कुणाचं काही बिनसलं, की थेक्लाला हाक यायची. आईवडील लहानपणीच गेले. तिला वाढवलं ते रेगुलाआत्याने. आता दोघी सिनसिनाटीला काकाकडे निघाल्या होत्या. तिथे टेकड्यांवर त्याचा द्राक्षमळा होता.

हार्म एकटाच होता. समुद्र अडवायचे मातीचे बांध घालणं हे त्याचं काम. एका हिवाळ्यात बांध फुटला आणि वडिलांचं शेत खारं झालं. त्याच्या गावचे लोक आयोवाला पोचले होते. तिथली जमीन काळी आणि ताटासारखी सपाट आहे, असं तो इतक्या कौतुकाने सांगायचा, की थेक्लाला त्या ताटाचा मत्सर वाटायचा.

मग वादळ आलं. पेट्या घसरल्या, भांडी उडाली, आणि आत्या जिन्यावरून पडून तिचा घोटा मोडला.

डॉक्टर म्हणवणाऱ्या एका प्रवाशाने पट्ट्या बांधल्या आणि सांगितलं की हिला रोज वरची हवा हवी, नाहीतर या कोंदटात ताप येईल. पण त्या उभ्या जिन्यावरून आत्याला नेणार कोण? थेक्लाने हार्मला विचारायच्या आतच तो पाठ वाकवून आत्यापुढे बसला होता.

तेव्हापासून रोज सकाळी तो आत्याला पाठीवर घेऊन वर न्यायचा, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसवायचा आणि चहा करून आणायचा. आधी कपात खडीसाखरेचा खडा, वर कढत चहा. खडा तडतडला की आत्या कान टवकारायची. चहा ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची. पण तोंड काही तिच्या ताब्यात नव्हतं.

“सांग ह्या ठोंब्याला,” ती म्हणाली, “डांबराचा वास येतो त्याच्या कोटाला.”

हार्मने थेक्लाकडे पाहिलं. “आत्या काय म्हणते?”

थेक्लाने वर पाहिलं. समोर त्याचे डोळे होते, राखाडी, उन्हात हिरवट होणारे. आणि त्याने जसं जपून आत्याला खाली ठेवलं होतं ते ती अजून विसरली नव्हती.

“म्हणते... चहा छान झालाय.”

तिथून ते सुरू झालं. आत्या म्हणायची, याच्या खांद्याची हाडं टोचतात. थेक्ला सांगायची, तुझ्या पाठीवर सुरक्षित वाटतं म्हणते. आत्या म्हणायची, हा असा बावळटासारखा का हसतोय? थेक्ला सांगायची, तुझं हसू बघून तिला बरं वाटतं. हार्मचे कान लाल व्हायचे. तो मान खाली घालून आत्याचे आभार मानायचा, आणि ते आभार थेक्ला आत्यापर्यंत न्यायची तेव्हा तेही थोडे वाढलेलेच असायचे.

एका सकाळी आत्याने स्वच्छ सांगितलं, “हा तुझ्याकडे बघतो. मला आवडत नाही. सांग, उद्यापासून येऊ नकोस. कुणीतरी दुसरा बघू.”

“आत्या काय म्हणते?”

वाऱ्याने थेक्लाच्या केसांची बट तोंडावर आली. ती बाजूला करायला तिने जरा जास्तच वेळ लावला.

“म्हणते, उद्या... लवकर ये.”

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच हजर. आत्या थेक्लाकडे नुसती बघत राहिली.

पण असं किती दिवस चालणार? आत्या त्याला येता-जाता ठोंब्या म्हणायची, आणि त्याचा अर्थ ‘भला माणूस’ असं थेक्लानेच त्याला सांगून ठेवलं होतं. एक दिवस पिंपं बनवणाऱ्या गोटलोब नावाच्या श्वाबेनच्या गड्याने हार्मची पेटी दोरीने पक्की बांधून दिली. हार्मने त्याचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाला, “गोटलोब, तू ठोंब्या आहेस.”

गोटलोबची मूठ नाकापर्यंत येऊन थांबली, ती लोकांनी धरली म्हणून. मग कुणीतरी हातवारे करून, हसत हसत हार्मला त्या शब्दाचा खरा अर्थ समजावला. सगळा दक्षिणेकडचा घोळका पोट धरून हसत होता. हार्म हसला नाही.

त्यानंतरही तो आत्याला वर नेऊन बसवायचा, चहा ठेवायचा आणि न बोलता निघून जायचा. आत्या काय म्हणते, हे त्याने विचारणं सोडून दिलं. थेक्लाने दोनदा हाक मारली. त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं असूनही... चहात खडा तडतडायचा तेव्हा तो पाठ फिरवून गेलेला असायचा.

शेवटी आत्याच वैतागली. “त्याला झालंय काय? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. जा, विचार जा.”

तो जहाजाच्या पुढच्या टोकाशी एकटा उभा होता. वारा मऊ झाला होता. पाण्यावर कुठूनशी गवताची काडी तरंगत आली होती, म्हणजे जमीन जवळ होती.

“आत्याने पाठवलंय,” थेक्ला म्हणाली.

“कशाला? अजून काही म्हणायचं राहिलंय?” त्याचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच तो तिला लागला. “मला वाटत होतं, त्यांना मी आवडतो. मी रात्री पडल्या पडल्या त्यांचे शब्द आठवायचो. माझ्याबद्दल इतकं चांगलं घरचेही कधी बोलले नव्हते. आणि तू गंमत करत होतीस.”

“गंमत नव्हती.”

“आत्या तसं म्हणत नव्हती ना?”

“नव्हती.” थेक्लाने कठडा घट्ट धरला. “आत्या नव्हती म्हणत.”

तो वळला. तिच्याकडे बघत राहिला. एक लाट जहाजावर फुटली, तुषार दोघांच्या तोंडावर उडाले, तरी कुणी हललं नाही.

“मग तुझ्या पाठीवर सुरक्षित वाटतं, हे...”

“आत्या नाही म्हणाली.”

“हसू बघून बरं वाटतं?”

तिने नकारार्थी मान हलवली. आता तिला वर बघवत नव्हतं.

“आणि उद्या लवकर ये, हे कोण म्हणालं?”

“मी,” थेक्ला म्हणाली. अगदी हळू. पण वारा त्याच्याच बाजूला वाहत होता.

त्याने कठड्यावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. मातीकामाने खरखरीत झालेला, गार, जड हात. मग दोघं टाळत होते तो विषय तिनेच काढला. बाल्टिमोरला उतरलं की त्याची वाट आयोवाची, तिची सिनसिनाटीची. आत्याने तिच्यासाठी आपलं लग्न केलं नव्हतं. आत्याला सोडून ती कुठेही जाणार नव्हती. सपाट जमीन आत्याला बघवतसुद्धा नाही, हेही तिने सांगितलं.

हार्मने हात काढला नाही.

जहाज खाडीत शिरलं त्या सकाळी सगळे डेकवर होते. हवेत पाइनच्या झाडांचा वास होता आणि बायका उगाचच रडत होत्या. हार्म केस ओले करून, नीट विंचरून आत्यासमोर येऊन उभा राहिला.

“मी बोलेन ते जसंच्या तसं सांगशील?” त्याने थेक्लाला विचारलं. “गोड करायचं नाही.”

“सांगेन.”

तो बोलला. थेक्ला आत्याकडे वळली.

“काय म्हणतोय?” आत्याने विचारलं.

“म्हणतो... त्याला थेक्लाशी लग्न करायचंय.”

“कुठल्या थेक्लाशी?” आत्या अगदी गंभीरपणे म्हणाली.

“आत्या...”

“बरं, पुढे.”

“म्हणतो, तो मला तुझ्यापासून तोडणार नाही. आयोवाला जाणार नाही, आपल्याबरोबर टेकड्यांवर येईल. द्राक्षांतलं त्याला काही कळत नाही, पण माती कळते. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून बांध लागतात, ते तो घालेल.” तिने एकदा हार्मकडे पाहिलं. “आणि म्हणतो, तू त्याला काहीही म्हण. पण एकदा घरातला म्हण.”

आत्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“विचार त्याला, टेकडी कधी चढलाय?”

हार्म म्हणाला, टेकडी नाही, बांध चढलोय. बांध केवढा उंच, असं आत्याने विचारलं. त्याने हात वर करून दाखवला, आपल्या डोक्याच्या जरासा वर. आत्या त्या हाताकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. ते हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने पदरासारखं शालीचं टोक घेऊन टिपलं.

“तो काय म्हणतो ते ऐकलं,” ती म्हणाली. “मी काय म्हणेन ते तू त्याला तुझ्या मनाचंच सांगशील, तेही मला ठाऊक आहे. मी लंगडी आहे गं, बहिरी नाही. एवढ्या सगळ्या शिव्यांवर कुणी असे आभार मानतं का?” तिने थेक्लाचा हात धरून तिला जवळ ओढलं. “पण तू काय म्हणतेस? सगळ्या जहाजाचं बोलणं इकडून तिकडे नेलंस. तुझं अजून कुणी ऐकलंच नाही.”

हार्म दोघींकडे आळीपाळीने बघत होता. एक शब्दही न कळता.

थेक्लाने आधी आत्याला सांगितलं, आपल्या डोंगरातल्या बोलीत. मग ती हार्मकडे वळली आणि तेच त्याच्या बोलीत म्हणाली.

“मला हा माणूस हवा आहे.”

या वेळी दोन्हींत एका शब्दाचाही फरक नव्हता.