फॉर्मवरचा मोकळा रकाना

दाराखालून सरकवलेली चिठ्ठी प्रमिलाबाईंना सकाळी केर काढताना सापडली. खाली सही नव्हती.

'मंगेश भाडं बुडवतो. त्याला खोली देऊ नका. शिवाय तुमच्या खोलीत ओल आहे, त्याला दमा आहे.'

प्रमिलाबाई रिटायर्ड शिक्षिका. सिल्वासाजवळ सामरवरणीच्या घरात एकट्याच. मागची खोली भाड्याने द्यायची होती, पण माणूस पारखून. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई ती, असल्या चिठ्ठीला काय भीक घालणार!

मंगेश आला तेव्हा त्यांनी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"मॅडम, तीन ठिकाणी असंच झालं. आज हो म्हणतात, उद्या नाही. रविवारी शीतल आणि गुड्डी धुळ्याहून येतायत. बायको-पोरीला कुठे ठेवू मी?"

"भाडं बुडवलंस कधी?"

"कंपनी बंद पडली तेव्हा दोन महिने थकलं होतं. नवी नोकरी लागल्यावर सगळं फेडलं."

"या खोलीवर आणखी कुणाचा डोळा?"

"विकीचा. माझ्याच शिफ्टला आहे."

"तुझा दमा त्याला माहीत आहे?"

"छे! कंपनीत कळलं तर गेटवरूनच परत पाठवतील."

"आणि ओल? ती मी फक्त तुला दाखवली होती. तू कुणाला बोललास?"

"कुणाला बोलणार? जेवताना केसरमावशीला सांगितलं. माझी घरमालकीण. पण मॅडम, भाडं थकलं तेव्हासुद्धा तिनं मला जेवू घातलंय!"

प्रमिलाबाईंनी पोलिसांना द्यायचा भाडेकरूचा फॉर्म उचलला. 'सिल्वासातील ओळखीची व्यक्ती' हा रकाना मंगेशने मोकळा सोडला होता.

"चल नरोलीला, तुझ्या मावशीकडे," त्या म्हणाल्या.

केसरबाई ओट्यावर बसली होती. चिठ्ठी पाहताच तिने मान खाली घातली.

"दमा विकीला ठाऊक नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "रात्रीची धाप भिंतीपलीकडच्यालाच ऐकू येते. ओलीचंही यानं एकट्या तुम्हालाच सांगितलं. आणि भाडं बुडवलं म्हणून चिडलेलं माणूस भाडेकरूच्या छातीची काळजी कशाला करेल? तुम्हाला हा इथून जायला नको होता, केसरबाई."

"मीच लिहिल्या. चारही," केसरबाई म्हणाली. "खोली एवढीशी. बायको-पोर इथे मावायची नाहीत, समजतं मला. पण हा गेला की माझ्याशी बोलणारं कोण आहे?"

"मावशी, माझी पोर रस्त्यावर आली असती!" मंगेश ओरडला.

केसरबाई रडू लागली. प्रमिलाबाईंना राग यायला हवा होता, तो काही येईना. आदल्याच दिवशी त्यांनी दूधवाल्याला उगाच थांबवून अर्धा तास बोलत ठेवलं होतं.

"खोली तुझी, मंगेश. ओलीचं मी बघते. फॉर्म तेवढा पुरा कर."

मंगेशने फॉर्म गुडघ्यावर ठेवून पेन उघडलं. मग त्याने रकान्यात केसरबाईचं नाव लिहिलं. नात्यापुढे लिहिलं, मावशी.

त्याने विचारायच्या आत केसरबाईने फोन नंबर सांगितला. मग नीट लिहिलास ना म्हणत पुन्हा एकदा सांगितला.