दुसऱ्या इंजिनाचा आवाज

तळ्याकाठच्या शेडमध्ये दोन इंजिनं स्टँडवर चढवलेली होती आणि मधे रिकाम्या पोटाची रेसची बोट. दादा गेल्या मोसमात तिच्यातून तळ्यावर गेला, तो परतलाच नाही. बोट उलटी सापडली, माणूस नाही. पाणबुडे थकले, शोध थांबला. धाकट्या भावाने बोट दुरुस्त करायला घेतली, कारण हाताला काम नसलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नसे.

"वहिनी, हे नवं बसवू," तो म्हणाला. "इंजेक्शनवालं. कॉम्प्युटर थेंब न् थेंब मोजून पेट्रोल सोडतो. थंडीतसुद्धा पहिल्या फटक्यात चालू. जुन्याच्या कार्बोरेटरची कितीही मनधरणी करा, जोरात वळलं की आतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि ऐन वळणावर इंजिन दगा देतं."

वहिनी जुन्या इंजिनावर हात ठेवून उभी होती. ती इतकी वाळली होती की घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं.

"आणि नव्याच्या वायरींत पाणी शिरलं तर?"

"तर मधोमध अडकू, हे कबूल. जुन्याला निदान स्क्रू पिळून वठणीवर आणता येतं."

"मग जुनंच बसवा, भावजी. त्यांना त्याचा आवाज ओळखीचा आहे."

आधी दोन्ही चालवून बघू, एवढंच धाकटा पुटपुटला.

नवं इंजिन चटकन पेटलं, एका सुरात घुमलं. तळं गप्प होतं. मग त्याने जुनं चालू केलं. ते खोकलं, धूर ओकलं, अडखळत अडखळत लयीत आलं. शेड पेट्रोलच्या वासाने भरून गेली.

आणि धुक्यापलीकडून दुसरं इंजिन बोललं.

मोसम संपल्यामुळे तळं बंद होतं. धक्क्यावरच्या सगळ्या बोटी ताडपत्रीखाली होत्या.

"समोरच्या कड्यावरून आवाज उलटतो," धाकटा म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

पलीकडचं चालूच राहिलं. मग दादा करायचा तसं दोनदा जोरात गुरगुरून थांबलं.

वहिनीने खाली बसून त्याचे पाय धरले. "पाया पडते तुमच्या, भावजी. मला तिकडे न्या."

"असं नका करू, वहिनी. उठा."

त्याने जुनं इंजिन बसवलं. हे वहिनीसाठी, अशी तो स्वतःची समजूत घालत होता. खरं तर तो आवाज पुन्हा ऐकायला त्याचाही जीव तीळतीळ तुटत होता.

भरदुपारी दोघं निघाली. धुकं विरलं नव्हतं. तळ्याच्या मध्यावर तो आवाज आला, आधी उजवीकडून, मग पाठीमागून. बोट कुठे दिसेना, पण तिच्या लाटा मात्र यांच्या बोटीवर येऊन आदळू लागल्या.

"दादा!" धाकटा ओरडला. घसा फाटेपर्यंत ओरडला.

आवाज गोल फिरू लागला. प्रत्येक फेरीला घेर आवळत गेला.

धाकट्याला धोका उमगला. हाकेला ओ देणारं माणूस असं घिरट्या घालत नाही. त्याने किनाऱ्याच्या दिशेने जोरात वळण घेतलं.

इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

त्याच क्षणी दुसरंही खोकलं. तेही बंद पडलं.

त्याने स्टार्टर मारला. पुन्हा मारला. "चालू हो, बाबा, चालू हो." इंजिन पेट्रोल पिऊन तुडुंब झालं होतं, नुसतं घुरघुरत होतं.

"घाई करू नका," वहिनी शांतपणे म्हणाली.

बोटीची डावी कड हळूहळू पाण्याकडे झुकली, पोहून आलेलं माणूस काठाला धरून वर चढताना झुकते तशी.

वहिनीने तिकडे पाहिलं नाही. पदर सावरून ती बाकावर थोडी सरकली आणि शेजारी जागा केली.